पिरंगुटच्या घाटात जुनी मारुती का वाजते?

भुकूम सोडून पौडकडे निघालं की पिरंगुटचा घाट लागतो. जुन्या गाडीचं दुखणं ओळखायला याहून सोयीची जागा नाही! सपाटीवर गप्प असलेली कार्बोरेटरवाली मारुती 800 चढावर चौथ्या गिअरमध्ये किणकिणायला लागली, तर बहुतेक वेळा इग्निशन टायमिंग पुढे गेलेलं असतं किंवा सिलिंडरमध्ये कार्बन साठलेला असतो. गिअर उतरवला की आवाज जातो.

टॅपेटची बारीक टकटक मात्र गाडी उभी असतानाही ऐकू येते. कॅमशाफ्ट क्रँकशाफ्टच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणून ती इंजिनाच्या वेगापेक्षा संथ वाटते. 800 च्या 796 सीसी इंजिनात रॉकरचे स्क्रू फिलर गेज लावून सेट होतात, फार खर्च नाही. पण थंड इंजिनाची टकटक गरम झाल्यावर विरली, तर टॅपेटला हात लावण्याआधी एक्झॉस्ट मॅनिफोल्डचं गॅस्केट बघा. धातू प्रसरण पावला की फट बुजते.

आवाजाची जागा सापडत नाही? लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानामागच्या हाडावर. पंखा आणि बेल्टपासून मात्र लांब, ओढणी-मफलर आधी काढून ठेवा.

खालून जड ठोके येत असतील आणि भार पडताच वाढत असतील, तर संशय बिग एंड बेअरिंगचा. इंजिन तिथेच बंद करा, डिपस्टिकवर ऑइल बघा आणि गाडी टो करून न्या. ‘हळूहळू गॅरेज गाठू’ म्हणत चालवलीत तर क्रँकशाफ्टही जाईल.