शहाणी झालेली फौज

‘स्टारक्राफ्ट’ या १९९८ सालच्या व्हिडिओ गेममध्ये एका वेळी बाराच सैनिक निवडता येत. तेरावा हवा असेल, तर दुसरी तुकडी करायची. त्यात सैनिक भलतेच मठ्ठ. ‘ड्रॅगून’ नावाचं चार पायांचं यंत्र उताराशी पोचलं की तिथेच घुटमळत राही. खाणीवरून स्फटिक आणणाऱ्या कामगारांची तर इतकी कोंडी व्हायची, की खाणकाम चालू असताना त्यांना एकमेकांच्या आरपार जाऊ द्यावं, असा तोडगा प्रोग्रामरनी काढला. नीट पाहिलं तर आजही ते भुतांसारखे एकमेकांतून जाताना दिसतात.

याच खेळाने दक्षिण कोरियात व्यावसायिक खेळाडू घडवले, टीव्हीवरच्या लीग उभ्या केल्या. म्हणून दुसऱ्या भागाची घोषणाही ब्लिझार्ड कंपनीने मे २००७ मध्ये सोलमध्येच केली. तो हातात आला २७ जुलै २०१० ला, म्हणजे पहिल्या भागानंतर बारा वर्षांनी.

आणि काय सुंदर चालत होती ती फौज! बाराची मर्यादा गेली होती. नकाशाची जमीन आतल्या आत त्रिकोणांमध्ये कापलेली. वाट त्या त्रिकोणांवरून शोधायची आणि चालताना प्रत्येकाने शेजाऱ्याचं भान ठेवायचं. हिवाळ्यात ज्वारीवर उतरणारा भोरड्यांचा थवा आठवा. क्रेग रेनॉल्ड्सने १९८७ मध्ये अशा थव्यांसाठी तीनच नियम मांडले होते: शेजाऱ्याला धडकू नका, तो जातो त्याच दिशेने जा, घोळक्याच्या मध्याकडे राहा. ‘स्टारक्राफ्ट २’ची चाल त्याच जातीची. शंभर ‘झर्गलिंग’ अरुंद चढावरून ओढ्याच्या पाण्यासारखे वाहत जाताना मी पहिल्यांदा पाहिले, तेव्हा लढाई विसरून नुसता बघत बसलो.

नवल पुढेच आहे. ही सुबक चालच खेळाला बाधली. शिस्तीचे सैनिक एकमेकांना बिलगून चालतात आणि सगळ्या फौजेचा एक गोळा होतो. खेळाडू त्याला ‘डेथबॉल’ म्हणतात. असे दोन गोळे भिडले की कित्येक मिनिटांची तयारी काही सेकंदांत संपते. जुन्या खेळात वेंधळे सैनिक आपोआप पांगायचे, त्यांना सतत हाताने सावरावं लागे आणि त्या सावरण्यातच कसब दिसे.

उडणाऱ्या ‘म्युटालिस्क’चंच पाहा. अकरा म्युटालिस्क निवडायचे आणि बारावा म्हणून दूर कुठेतरी तरंगणारा एखादा ‘ओव्हरलॉर्ड’ घ्यायचा. गट जवळ असेल तर खेळ त्याची रचना राखतो. एक जण फार लांब असेल तर रचना सोडून सगळ्यांना एकाच बिंदूकडे धाडतो. मग अकरा जण एकावर एक बसतात, एकदम डंख मारतात आणि निसटतात. हे कोणीही आखलं नव्हतं. कोरियन खेळाडूंनी त्या फटीतून एक अख्खी युद्धकला काढली.

दुसऱ्या भागानेही नवं कसब घडवलं, हे मान्यच करायला हवं. फुटणारे ‘बेनलिंग’ अंगावर आले की बिलगलेले ‘मरीन’ क्षणार्धात पांगवावे लागतात, आणि ‘मरीनकिंग’ या कोरियन खेळाडूची बोटं त्यासाठीच गाजली. एकट्याने खेळायच्या मोहिमाही कल्पक होत्या: एकीत लाव्हा ठरावीक वेळाने चढतो, एकीत आगगाड्या लुटायच्या, एकीत रात्र झाली की बाधित माणसं चाल करून येतात. पण कथा मुख्यतः माणसांचीच मिळाली. खेळातल्या इतर दोन जमातींपैकी झर्गसाठी २०१३ आणि प्रोटॉससाठी २०१५ उजाडलं.

दुसऱ्या भागातून लॅनची, म्हणजे संगणक थेट एकमेकांना जोडून खेळण्याची सोय काढून टाकली, ते मला सगळ्यात जास्त लागलं. एकाच खोलीत शेजारी बसलेल्या दोघांचा डावही इंटरनेटवरून जाऊ लागला आणि भर स्पर्धेत जोडणी तुटली की सामना मोडे. मोडलेला डाव तिथूनच पुढे चालू करण्याची सोय २०१३ मध्ये आली.

कोरियात जुना खेळ थांबलाच नाही. २०१७ मध्ये ब्लिझार्डने त्याची चित्रं नव्याने, बारीक रेखीव करून दिली. बाराची मर्यादा मात्र तशीच ठेवली, आणि ड्रॅगूनचं घुटमळणंही.