एक नाव, दोन मुळ्या

‘झाडपाल्याचे औषध, त्याने काय अपाय होणार?’ हा समज केवळ आपल्याकडचा नाही. तो किती महागात पडतो, हे तीन दशकांपूर्वी बेल्जियममध्ये दिसले.

‘फांगजी’ ही मुळी चिनी वैद्यकात अंगावरची सूज आणि सांधेदुखी यांवर देतात. पण या एका नावाखाली दोन वेगळ्या वेलींची मुळे विकली जात. ‘हान फांगजी’ म्हणजे आपल्या गुळवेलीच्या कुळातली स्टेफानिया टेट्रान्ड्रा. ‘ग्वांग फांगजी’ म्हणजे ॲरिस्टोलोकिया फांगची. मुळी दळली की दोहोंतला फरक नजरेला कळत नाही.

ब्रुसेल्समधील वजन उतरवण्याच्या एका दवाखान्याने १९९० मध्ये आपल्या गोळ्यांत स्टेफानियाची पूड घालायला सुरुवात केली. १९९२ मध्ये पन्नाशीच्या आतल्या दोन स्त्रिया मूत्रपिंडे झपाट्याने निकामी झाल्याने रुग्णालयात आल्या. दोघींचे औषध एकच होते. डॉ. जाँ-लुई व्हानहेरवेगेम आणि सहकाऱ्यांनी शोध घेतला, तेव्हा आणखी सात जणी सापडल्या. १९९३ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ही माहिती प्रसिद्ध झाली, पुढे रुग्णांची संख्या शंभरावर गेली.

पुडीची रासायनिक तपासणी झाली, तेव्हा कोडे सुटले. स्टेफानियात असणारे टेट्रान्ड्रिन तिच्यात नव्हते. होते ते ॲरिस्टोलोकिक आम्ल. नावाच्या सारखेपणामुळे भलतीच मुळी आली होती. हे आम्ल मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिका नष्ट करते आणि पेशींतील डीएनएला चिकटून बसते. म्हणून औषध थांबवूनही धोका टळला नाही. २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, मूत्रपिंडे काढलेल्या ३९ रुग्णांपैकी १८ जणांच्या मूत्रमार्गात कर्करोग आढळला. चीनने २००४ मध्ये ग्वांग फांगजीचा वापर बंद केला.

आपल्यालाही हा प्रश्न परका नाही. आपली सापसंद ऊर्फ ईश्वरी ही ॲरिस्टोलोकियाचीच जात असून तिच्यातही हे आम्ल असते. शिवाय ‘शंखपुष्पी’ या एका नावाने आपल्याकडे प्रांतोप्रांती वेगवेगळ्या वनस्पती दिल्या जातात. परंपरा गुण सांगते तो एका विशिष्ट वनस्पतीचा. पुडीवरच्या नावाचा नव्हे. म्हणून पुडीवर शास्त्रीय नाव असणे आणि आत तीच वनस्पती आहे याची प्रयोगशाळेत खात्री होणे, हा औषधाचाच भाग मानला पाहिजे.