‘मलाच का?’चं उत्तर गावोगावच्या नोंदींत

कॅन्सरचं निदान झालं की रुग्ण विचारतात, ‘मला कसलंच व्यसन नाही, मग मलाच का?’ एकट्या रुग्णाकडे पाहून याचं उत्तर सहसा मिळत नाही. मात्र हजारो लोकांची वर्षानुवर्षं नोंद ठेवली, की कोणता कॅन्सर कुणाला, कुठे आणि कशामुळे होतो हे दिसू लागतं.

अशी देशातली पहिली नोंदणी मुंबईत १९६३ मध्ये सुरू झाली, तर ग्रामीण भागातली पहिली बार्शीत, १९८७ मध्ये. बार्शीचे कार्यकर्ते गावोगावी फिरून लक्षणं असलेल्यांना शोधत, तपासणीला आणत. त्या नोंदींत स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळला तो गर्भाशयमुखाचा कॅन्सर.

त्याचं मूळ कारण एचपीव्ही विषाणू. तो शरीरसंबंधातून पसरतो आणि इतका सर्रास आढळतो, की त्याचा चारित्र्याशी संबंध जोडणं चुकीचं आहे. बहुतेकींच्या शरीरातून तो आपोआप जातो. काहींमध्ये टिकून राहतो आणि अनेक वर्षांनी कॅन्सर होतो. ही मधली वर्षं म्हणजेच आपल्या हातातली संधी.

ती साधता येते का, हे १९९९ पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात तपासलं गेलं. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांचे चार गट केले. तीन गटांत एचपीव्ही, पॅप किंवा व्हीआयए (व्हिनेगर लावून पाहणी) यांपैकी एक तपासणी एकदाच केली. चौथ्या गटात नेहमीचीच आरोग्यसेवा होती. आठ वर्षांत चौथ्या गटात या कॅन्सरने ६४ मृत्यू झाले, एचपीव्ही तपासणीच्या गटात ३४. इतर दोन गटांत मात्र ठळक घट दिसली नाही. मुंबईच्या वस्त्यांमध्ये दर दोन वर्षांनी व्हीआयए केल्यावर मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले. म्हणजे ही साधी तपासणी उपयोगी आहे, पण ती पुन्हापुन्हा करायला हवी.

‘काही त्रास नाही, मग तपासणी कशाला?’ असं अनेक जणी म्हणतात. पण त्रास नसतानाच ती करायची असते. अंगावरून रक्त जाऊ लागेपर्यंत बराच उशीर झालेला असू शकतो. तिशी ओलांडलेल्या प्रत्येक विवाहितेने जवळच्या शासकीय रुग्णालयात चौकशी करावी. ९ ते १४ वर्षांच्या मुलींसाठी एचपीव्हीची लस आहे. ती घेतली तरी पुढे तपासणी टाळू नये.