शिक्का पुढे, साक्ष मागे

जुन्या कागदाचा फोटो दिसला की आपली नजर आधी शिक्क्याकडे जाते. खोटा कागद करणाराही हे ओळखून असतो. मूळ शिक्क्याचा ठसा पाहून दुसरा कोरून घेणे काही अशक्य नाही. मराठी राज्याच्या दफ्तरात बसलेल्यांना हे ठाऊक होते. म्हणून कागद अस्सल ठरवण्याचे काम त्यांनी एकट्या शिक्क्यावर सोडले नाही.

शिवकालीन राजपत्राच्या वरच्या भागात मुद्रा असे आणि मजकूर संपताच मोर्तब. शिवाजी महाराजांच्या मोर्तबावर ‘मर्यादेयं विराजते’ अशी अक्षरे आहेत: मजकुराची हद्द इथे संपली. शेवटच्या अक्षराला लागूनच हा ठसा उमटला की पुढे एखादी ओळ घुसडायला जागाच उरत नसे. लांब पत्रासाठी कागदाचे बंद एकाखाली एक चिकटवीत. त्या जोडांवर मागच्या बाजूने शिक्का मारीत, म्हणजे मधला बंद काढून दुसरा घालणे अवघड होई. पाठीवरच ‘रुजू’, ‘बार’ असे शेरेही पडत. त्यावरून पत्र तपासले गेल्याचे आणि दफ्तरी नोंदले गेल्याचे समजते.

गावच्या वतनाच्या तंट्यात हीच काळजी वेगळ्या रीतीने घेत. निवाड्याचा महजर होई तेव्हा हजर असलेल्यांची नावे त्यावर येत. ज्यांना लिहिता येत नसे ते आपल्या कामाच्या हत्याराची निशाणी करीत. पाटलाच्या नावापुढचा नांगर अनेक महजरांवर दिसतो. कागद आणि साक्षीदार दोन्ही अपुरे पडले तर दिव्य करण्याचीही वेळ येई. रवा दिव्यात उकळत्या तेलातून धातूचा तुकडा हाताने काढावा लागे. हक्क सिद्ध करणे इतके जिवावरचे होते, तिथे बनावट कागदाचा मोह अनेकांना झाला असेल तर नवल नाही.

इंग्रजी अमलात हा मोह वाढण्यासारखी परिस्थिती आली. १८५२ च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार दिले आणि जमिनीच्या इनामदारांना आपला हक्क शाबीत करणे भाग पडले. मग घरातल्या सनदा पेशवे दफ्तरातल्या नोंदींशी ताडून पाहिल्या जाऊ लागल्या. खोटी सनद कितीही हुबेहूब असली, तरी सरकारी रुमालात, म्हणजे दफ्तरातल्या कागदांच्या गाठोड्यात, तिची जोडनोंद निर्माण करणे सोपे नव्हते.

आजचा अभ्यासक याच वाटेने जातो. तो आधी कालगणना पाहतो. शके १५९६ चे पत्र असेल तर संवत्सर ‘आनंद’ हवे आणि त्या काळी वापरात असलेल्या सुहूर सनाचे अरबी शब्दांतले आकडेही त्याला जुळायला हवेत. मृग नक्षत्रापासून डिसेंबरअखेरपर्यंत सुहूर सनात ५९९ मिळवले की इसवी सन येतो, त्यापुढे मृगापर्यंत ६००. राज्याभिषेक शक सुरू झाला तो ६ जून १६७४ च्या राज्याभिषेकापासून. त्याआधीच्या पत्रात तो शक आढळला तर संशय घ्यावाच. त्यानंतर मायना, मोडीचे वळण, भाषेतल्या फारसी शब्दांचे प्रमाण आणि शेवटी कागद तपासला जातो.

शिक्का मात्र प्रत्येक साधनावर असतोच असे नाही. कारीच्या जेधे देशमुखांकडची शकावली लोकमान्य टिळकांनी प्रसिद्ध केली. त्यात शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य ३, शके १५५१ अशी होती, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. तोवर शके १५४९ चा वैशाख धरला जात होता. एका घराण्याच्या टिपणावर विश्वास कसा ठेवायचा? पुढे कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’ची पोथी तंजावरात मिळाली आणि राजस्थानात एक जन्मकुंडली सापडली. दोन्हींत तीच तिथी होती. एकमेकांपासून दूर असलेली ही साधने एकच गोष्ट सांगत होती. महाराष्ट्र शासनाने पुढे हीच तारीख स्वीकारली.

अस्सल कागदातला मजकूरही खरा असेलच असे नव्हे. सरदाराने धन्याला पाठवलेल्या अस्सल पत्रात लढाईचे वर्णन फुगवलेले असू शकते, आणि मूळ हरवलेल्या पत्राची साधी नक्कल चोख माहिती देऊ शकते. इतिहाससंशोधक राजवाड्यांनी १८९८ पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडाखंडांनी छापली आणि १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले, ते मूळ कागद जमवून छाननीसाठी सर्वांपुढे ठेवावेत म्हणून. कागद अस्सल आहे का आणि तो खरे सांगतो का, हे दोन प्रश्न आहेत. पहिल्याच्या उत्तरावर दुसरा सोडून देणे हा संशोधनातला आळस होय.

वाचकांना विनंती एवढीच. घरात मोडी कागदांचा रुमाल असेल तर तो लॅमिनेट करू नका, चिकटपट्टी लावू नका, सुटे बंद स्वतः जोडू नका. फोटो काढाल तर दोन्ही बाजूंचे काढा आणि मोडी जाणणाऱ्याला दाखवा. आणि मोबाइलवर कुणी नुसत्या शिक्क्याचे पत्र पाठवले, तर पुढे ढकलण्याआधी मूळ कुठे आहे आणि त्याच्या पाठीवर काय आहे, हे जरूर विचारा.