धांड्यांची गव्हाणी

कौंडण्यपुरात दिवाळी लवकर उतरत नाही. कार्तिक पौर्णिमेची यात्रा भरते, प्रतिपदेला दहीहंडी फुटते, तोवर दारातला कंदील दारातच. रुक्मिणीचं माहेर म्हणवणाऱ्या गावात ऐन यात्रेच्या दिवसांत अंगण अंधारं ठेवणार कोण? वर्धेच्या काठावरची दुकानं पांगली की मग कंदील खाली यायचा आणि माळ्यावर जायचा. १९८१ साली मात्र आमचा कंदील माळ्यावर गेला नाही. एसटीच्या टपावरून तो अमरावतीला गेला.

वसतिगृहातली माझी मैत्रीण मराठी ख्रिस्ती होती. कंदील होता वडिलांनी केलेला, बांबूच्या कामट्यांची पाचकोनी चांदणी. तिच्या घरी मैद्याची खळ शिजवून आम्ही त्यावर नवा पांढरा पतंगी कागद डकवला, आत पंधराचा बल्ब सोडला, आणि तो नाताळचा तारा झाला. कागदी ताऱ्याचा उगम एकोणिसाव्या शतकातल्या जर्मनीत, निस्की गावच्या मोरावियन शाळेतल्या भूमितीच्या तासात सांगतात. असेल. आमचा तारा दिवाळीतून आला होता, आणि पुढची कित्येक वर्षं तसाच येत राहिला.

त्या घरची तयारी पाहून मला पहिल्यांदा आश्चर्य वाटलं ते आश्चर्य वाटण्यासारखं काहीच नव्हतं म्हणून. भिंतींना चुन्यात नीळ घालून हात मारलेला. गोधड्या धुऊन दोरीवर. अंगणात शेणाचा सडा, त्यावर रांगोळी. स्वयंपाकघरात करंज्या, शंकरपाळी, चिवडा, आणि त्यालाही ‘फराळ’च म्हणायचे. केक होता, पण तो पाहुण्यासारखा, एकच. घाई असायची ती पंचवीस तारखेची नव्हे, गाणाऱ्या मंडळींची. आठवडाभर आधीपासून रात्री पेटी, ढोलकी, झांजा घेऊन चर्चची माणसं घरोघर येत. ज्या रात्री आपल्या गल्लीची पाळी, त्या रात्री घर तयार हवं, चहाचं आधण चुलीवर हवं. गाणी बहुतेक ना. वा. टिळकांची. १८९५ साली ख्रिस्ती झालेल्या या कवीनं अभंग आणि कीर्तन चर्चमध्ये नेलं. त्यामुळे मला चाली ओळखीच्या वाटायच्या, शब्द तेवढे नवे.

झाड होतं, म्हणजे सुरूची एक फांदी, रॉकेलच्या डब्यात ओली रेती भरून उभी केलेली. १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात व्हिक्टोरिया राणीचं कुटुंब सजवलेल्या झाडाभोवती उभं असल्याचं चित्र आलं, आणि जर्मन घरांतली रीत इंग्रजांच्या घरांत फोफावली. पण त्या फांदीवरचा बर्फ अस्सल वऱ्हाडी होता. डिसेंबर म्हणजे वेचणीचे दिवस. कापूस कुठेही मिळायचा. मैत्रिणीचे वडील म्हणत, भाव पडला की आपल्या झाडावर बर्फ जास्त पडतो.

सगळ्यात जास्त वेळ खायची ती गव्हाणी. ती आजीच्या अखत्यारीत होती. आजीची आई छपन्नच्या दुष्काळातली, म्हणजे १८९९-१९००चा तो काळ. त्या दुष्काळानं वऱ्हाडात किती लेकरं उघडी पाडली, आणि अकोला-खामगावकडच्या मिशनांनी त्यांतली किती उचलली, हे इथल्या ख्रिस्ती घरांच्या आठवणींत अजून आहे. मिशनच्या आश्रयात वाढलेल्या त्या माउलीनं गव्हाणी करायची रीत लेकीला दिली. पाच-सात ज्वारीचे धांडे, वर पाचटाचं छप्पर, आत खरं कुटार. बस्स. मूर्ती नाही. ते घर प्रॉटेस्टंट होतं. भिंतीवर वचनाचा तक्ता चाले, बाहुलं चालत नसे. शेजारच्या कॅथलिक घरात मरिया, योसेफ, मेंढ्या सगळं असे, पण बाळ चोवीस तारखेच्या मध्यरात्रीपर्यंत कपाटात. आजीची गव्हाणी त्यानंतरही रिकामी.

मी ती पाहिली आणि म्हणाले, ही तर भुलाबाईची खोपडी! आमच्याकडे कोजागिरीला धांड्यांच्या अशाच खोपडीत मातीचे शंकर-पार्वती आणि मांडीवरचा गणपती बसतो. आई, बाप, लेकरू आणि ज्वारीचं छप्पर. हे कुणी कुणाकडून घेतलं असं मी म्हणत नाही. संत फ्रान्सिसनं १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात खरा बैल, खरं गाढव उभं करून पहिली गव्हाण मांडली, तिच्याशी वऱ्हाडचा काय संबंध? पण ज्याच्या गोठ्यात बैल आहे त्याला ही गोष्ट समजावून सांगावी लागत नाही. आजीला मी विचारलं, छप्पर जरा नीट का नाही करत? ती म्हणाली, “येशू काय बंगल्यात जलमला होता वं?”

पुढच्या वर्षी मी आगाऊपणा केला. वर्धेकाठच्या मातीचं बाळ घडवून नेलं. भुलाबाईवर हात बसलेला, दुसरं काही घडवता येत नव्हतं. आजीनं ते उलटसुलट पाहिलं. आता रागावते की काय, म्हणून मैत्रीण आत पळाली. आजी म्हणाली, “पोट गणपतीसारखं काऊन केलं याचं?” आणि कुटारावर ठेवून दिलं.

नंतरची वर्षं भराभर सांगता येतात. नव्वदीनंतर प्लास्टिकचं घडीचं झाड आलं, सुरू गेला. गव्हाणी थर्मोकोलची झाली, तयार मिळायची, बर्फासकट. २००५च्या पुढे भारनियमनानं चांदणीला दिवसदिवस विझवलं. तेव्हा आत मेणबत्ती लावण्याच्या नादात आमचा कंदील एकदाचा जळाला. २०१८ साली राज्यात थर्मोकोलवर बंदी आली. २०२०च्या नाताळात गाणारी मंडळी आलीच नाहीत, आणि मैत्रीण फोनवर सांगत होती की फराळ केला, पण दार वाजलं नाही.

गेल्या डिसेंबरला तिच्या मुलीचा फोन आला. पणजीसारखी गव्हाणी करायची आहे, मावशी, गावाहून धांडे पाठव. मी भावाला सांगितलं. तो हसला. आमच्या शिवारात ज्वारी राहिलीय कुठे, सगळं सोयाबीन. दोन गावं फिरला, कुणाकडे बैलांपुरता कडबाही नव्हता, कारण बैलच नव्हते. शेवटी त्यानं तुराट्यांचा एक भारा आणि पोतंभर कुटार पाठवलं. कुटार सोयाबीनचं होतं. बाळ मात्र तेच होतं, एका कानाचा टवका उडालेलं, पोट तसंच.