अंगणात कोणते गट्टू टाकायचे? रंग, काळी माती आणि पाण्याचं साधं गणित

मी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत काम करतो, पण घर परभणीला आहे. दोन वर्षांपूर्वी गेटपासून पोर्चपर्यंतच्या जागेत गट्टू, म्हणजे पेव्हर ब्लॉक, टाकायचं ठरलं. कुठल्यातरी थंड देशातल्या बंगल्याची रील माझ्या पाहण्यात आली होती. गडद काळ्या गट्टूंचं, एकदम भारी दिसणारं अंगण. मी स्क्रीनशॉट काढला आणि बाबांना व्हॉट्सॲपवर पाठवला, "असंच करू."

झालंही तसंच. मग मे महिना आला. एका दुपारी बाबा कुरिअर घ्यायला अनवाणीच गेटपर्यंत गेले आणि दोन मिनिटं तिथंच बोलत उभे राहिले. त्यांना जुना मधुमेह आहे, तळपायांना नीट कळत नाही. चटका बसतोय हे त्यांना जाणवलंच नाही. संध्याकाळी आईनं तळपायावरचे फोड पाहिले. ती जखम भरायला पावसाळा उजाडला.

"जगात जर्मनी, भारतात परभणी" असं आम्ही मोठ्या तोऱ्यात म्हणतो. पण थंड देशातलं अंगण परभणीत कॉपी-पेस्ट करून चालत नाही, हे मला तेव्हा कळलं. फोटो बघून मटेरियल निवडलं, ही चूक माझीच होती. त्यानंतर जे वाचलं, जे करून पाहिलं, ते इथं सांगतो.

ॲपमधले ४२ अंश जमिनीचे नसतात

फोनमधलं हवामान ॲप ४२ दाखवतं, तेव्हा ते हवेचं तापमान असतं. हवामान केंद्रात थर्मामीटर पांढऱ्या, झडपांच्या लाकडी पेटीत, सावलीत, जमिनीपासून साधारण सव्वा ते दोन मीटर उंचीवर ठेवतात. त्याला थेट ऊन लागू देत नाहीत. तुमच्या अंगणातला गट्टू मात्र दिवसभर थेट उन्हात पडलेला असतो. त्यामुळे भर दुपारी गडद पृष्ठभाग हवेपेक्षा वीस अंशांनीही जास्त तापू शकतो. साठ अंशांच्या आसपास तापलेल्या दगडावर कातडी काही सेकंदांतच भाजू शकते.

फोननं हे मोजता येईल का? बहुतेक फोनमध्ये बाहेरचं तापमान मोजणारा सेन्सरच नसतो. ॲप तो आकडा इंटरनेटवरून आणतं. मी कोरोनाच्या काळातली कपाळाला लावायची गन अंगणावर धरून पाहिली, तर स्क्रीनवर नुसतं "हाय" आलं. बरोबरच आहे, ती फक्त तापाच्या टप्प्यातले आकडे दाखवते. मोजायचंच असेल तर इलेक्ट्रिशियन किंवा एसी मेकॅनिककडे असते तशी इन्फ्रारेड गन लागते.

रंगाचं गणित

भर दुपारी स्वच्छ आकाश असेल तर एक चौरस मीटर जागेवर सूर्याची साधारण १००० वॅट ऊर्जा पडते. त्यातली किती परत फेकली जाते, हे मुख्यतः पृष्ठभागाच्या रंगावर ठरतं. नवीन डांबर ५ ते १० टक्के परत फेकतं, नवीन करडं काँक्रीट ३५ ते ४० टक्के. पांढऱ्या सिमेंटचं नवीन काँक्रीट ७० टक्क्यांच्याही वर जातं.

आता हिशोब करा. अंगण ३० चौरस मीटरचं, म्हणजे सव्वातीनशे चौरस फुटांच्या आसपास धरू. १० टक्के परत फेकणारा काळा पृष्ठभाग दर चौरस मीटरला ९०० वॅट शोषतो, ४० टक्के परत फेकणारा फिकट पृष्ठभाग ६००. फरक ३०० वॅटचा. त्याला ३० नं गुणा, ९००० वॅट झाले. म्हणजे फक्त रंग बदलल्यामुळे हजार वॅटच्या नऊ इस्त्र्या दारात चालू ठेवल्यासारखं!

ही उष्णता दुपारनंतर लगेच जातही नाही. ६० मिमी जाडीचे गट्टू ३० चौरस मीटरवर टाकले, तर त्यांचं वजन चार टनांच्या आसपास भरतं. एवढं वजन दिवसभर तापतं आणि रात्री हळूहळू निवतं. जेवणानंतर अंगणात खुर्ची टाकली तरी खालून झळ लागते, ती यामुळेच.

एक गंमत अजून. त्याच तापमानाची मोकळी माती आणि गुळगुळीत दगड यांत दगडाचा चटका जास्त बसतो, कारण दगड उष्णता पायाकडे भराभर सोडतो. कडप्प्यावर दुपारी पाय टेकवत नाही, त्याचं कारण काळा रंग आणि हा वेग दोन्ही.

मग सगळं पांढरंशुभ्र करायचं का?

मलाही आधी तसंच वाटलं होतं. अमेरिकेतल्या फिनिक्स या वाळवंटी शहरानं २०२० पासून काही रस्त्यांवर फिकट रंगाचा थर द्यायला सुरुवात केली. ॲरिझोना स्टेट विद्यापीठाच्या अभ्यासात असे रस्ते दुपारी साध्या डांबरी रस्त्यांपेक्षा सुमारे सहा अंश सेल्सिअसनं थंड आढळले. पण तिथं उभ्या राहणाऱ्या माणसाला भर दुपारी उलट जास्त उष्णता जाणवत होती. परत फेकलेलं ऊन कुठंतरी जाणारच ना! ते अंगावर, भिंतीवर, खिडकीच्या काचेवर येतं.

म्हणून पांढराशुभ्र नको आणि काळाही नको. फिकट करडा किंवा मातकट पिवळसर रंग मधला मार्ग आहे. आणि सगळ्यात मोठा फरक सावलीनं पडतो. पश्चिमेकडे एक कडुनिंब असेल तर तो दुपारनंतरचं ऊन जमिनीपर्यंत पोचूच देत नाही.

खाली काळी माती आहे, हे विसरू नका

परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेड, या पट्ट्यात कापसाची काळी माती आहे. पावसात ती पाणी पिऊन फुगते, उन्हाळ्यात आकसते. शेतात उन्हाळ्यात पडणाऱ्या भेगा तुम्ही पाहिल्या असतील. तेच घराखाली आणि अंगणाखालीही होतं.

आमचे मिस्त्री म्हणाले होते, "भाऊ, वरून कोणताबी गट्टू घ्या. खाली काळी माती हाय ना, ती फुगती अन् आकसती. तिच्यावर डायरेक्ट बसवलं की दोन पावसाळ्यांत अंगणाची लाट होती."

याचा अर्थ असा की बजेटचा काही भाग न दिसणाऱ्या कामासाठी ठेवायचा. काळी माती निदान फूटभर काढायची. त्या जागी मुरूम थराथरानं टाकायचा, प्रत्येक थरावर पाणी मारून तो दाबायचा. त्यावर खडीचा थर, मग ३ ते ४ सेंटिमीटर कच किंवा रेती आणि वर गट्टू. कडेनं सिमेंटचा पक्का बांध हवाच, नाहीतर गट्टू बाहेर सरकतात. जिथं माती फार खोल आणि भुसभुशीत आहे, तिथं एखाद्या सिव्हिल इंजिनिअरला दाखवलेलं बरं.

आता पर्याय एकेक करून बघू

सलग काँक्रीट: फिकट, मजबूत, झाडायला सोपं. पण खालची माती हलली की तडा जातो, आणि तो नंतर लपत नाही. १० सेंटिमीटर जाडीच्या काँक्रीटला साधारण दर अडीच-तीन मीटरवर काप द्यायचा, म्हणजे तडा त्या रेषेत जातो. उन्हाळ्यात ओतणार असाल तर संध्याकाळी ओता आणि पाणी मारण्यात कंजुषी करू नका. कोरड्या, उष्ण हवेत साध्या सिमेंटला निदान १० दिवस आणि राख मिसळलेल्या सिमेंटला १४ दिवस ओलं ठेवायचं.

सिमेंटचे गट्टू: आपल्या मातीसाठी हा पर्याय मला सगळ्यात व्यवहारी वाटतो. एखादी जागा खचली तर तेवढेच गट्टू उचलून, खाली कच भरून पुन्हा बसवता येतात. पाइपलाइनसाठीही फोडाफोड नाही. कार उभी राहणार असेल तर ६० मिमी जाडीचे घ्या. आयएस १५६५८ या भारतीय मानकाच्या २००६ च्या आवृत्तीत हलक्या वाहतुकीसाठी ६० मिमी जाडी आणि एम-३५ ग्रेड दिली आहे. रंग न घातलेला साधा करडा गट्टू पुरेसा आहे.

शहाबादी फरशी: खडबडीत, न घासलेली असेल तर चालण्याच्या वाटेसाठी छान. कारच्या चाकाखाली मात्र खाली पोकळी राहिली की फुटते.

पार्किंग टाइल्स: दिसायला चकचकीत. गुळगुळीत घेतल्या तर पहिल्याच पावसात गाडी घसरते. घ्यायच्याच असतील तर फिकट आणि खरखरीत घ्या.

डांबर: काळं, आणि उन्हात मऊ पडतं. बाइकचा साइड स्टँड रुतलेला तुम्हीही कधीतरी पाहिला असेल. अंगणासाठी नको.

चाकापुरते दोन पट्टे: कारची चाकं जिथून जातात तिथं गट्टूंचे दोन पट्टे आणि मधे माती, गवत. खर्च कमी, उष्णता कमी, आणि पाणी जमिनीत मुरतं.

पाणी कुठं जाणार?

एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एका चौरस मीटरवर एक लिटर पाणी. एका जोरदार सरीत ५० मिमी पाऊस पडला तर ३० चौरस मीटरवर १५०० लिटर पाणी जमा होतं. सगळं पॅक केलं तर ते सरळ नालीत जातं. उन्हाळ्यात टँकरची वाट बघणाऱ्या आपल्यासारख्यांना हे परवडत नाही. थोडी माती उघडी ठेवा, किंवा उतार झाडाच्या आळ्याकडे द्या. भिंतीच्या पायाजवळ मात्र पाणी मुरू देऊ नका, तिथं माती फुगली तर घराला त्रास.

सड्याचंही विज्ञान हेच आहे. एक लिटर पाणी वाफ होताना साधारण दोन तृतीयांश युनिट विजेएवढी उष्णता ओढून घेतं. माती ते पाणी धरून ठेवते आणि हळूहळू सोडते. गुळगुळीत टाइल्सवरचं पाणी बरंचसं वाहून जातं, म्हणून तिथं सडा तितका उपयोगी पडत नाही.

फोननं करता येणारं एक काम

उतार तपासायला फोन खरंच कामाचा आहे. मीटरभर लांब सरळ पट्टी अंगणावर ठेवा, तिच्यावर फोन लांब कडेवर आडवा उभा करा, म्हणजे कॅमेऱ्याचा उंचवटा आड येणार नाही. लेव्हल ॲप उघडा. एक अंश दिसला, तर मीटरला पावणेदोन सेंटिमीटर उतार आहे. पाणी वाहायला एवढा पुरतो. मग पट्टी तिथंच ठेवून फोनची दिशा उलटी करा आणि पुन्हा बघा. दोन आकडे वेगळे आले तर त्यांची सरासरी धरा, सेन्सरची चूक निघून जाते. हे काम मिस्त्री निघून जाण्याआधी करायचं!

शेवटी आम्ही काय केलं

गट्टूंचा फायदा असा की ते उचलता आले. काळे गट्टू मागच्या बाजूला, दिवसभर सावली असते तिथं टाकले. पुढे चाकांपुरते करडे पट्टे बसवले, मधे माती ठेवली. दारापासून गेटपर्यंत खडबडीत शहाबादीची वाट केली, तिच्यावर उन्हाळ्यात हिरवी शेडनेट बांधतो. गेटजवळ कडुनिंबाचं रोप लावलंय, त्याची सावली पडायला अजून काही वर्षं लागतील.

आणि सगळ्यात स्वस्त बदल आईनं केला. दाराच्या आत बाबांसाठी चपलांचा एक जोड कायमचा ठेवलाय. अंगण कितीही फिकट केलं तरी मे महिन्याच्या दुपारी ते गार होत नाही, फक्त कमी तापतं. घरात मधुमेह असलेलं कुणी असेल तर ही चप्पल आजच ठेवा, गट्टू नंतर बदलले तरी चालतील.