कागदाला विचारायचे प्रश्न

आधुनिक इतिहास शिकायचा म्हणजे सनावळ्या पाठ करायच्या, असं पुष्कळांना वाटतं. बी. ए.ला मी इतिहास घेतला होता. तिथे खरं शिकायचं असतं ते कागदाला प्रश्न विचारणं: हे कुणी लिहिलं, केव्हा, कुणासाठी?

'माझा प्रवास'चंच उदाहरण घ्या. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणेच्या आशेनं उत्तरेत गेले आणि १८५७च्या वणव्यात सापडले. १८५८ मध्ये झाशी पडली, तेव्हा ते शहरातच होते. साक्षीदार अव्वल! पण त्यांनी हे लिहिलं सुमारे २५ वर्षांनी. छापलं गेलं १९०७ मध्ये, इंग्रजी अमलात, चिं. वि. वैद्यांचा हात फिरून. मूळ पाठ दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये पुढे आणला. विद्यार्थी दोन्ही पाठ शेजारी ठेवतो, काय गाळलं ते पाहतो, इंग्रजांच्या नोंदींशी ताडून बघतो.

यानं गोडसेभटजी खोटे ठरत नाहीत. त्यांची साक्ष कुठवर धरायची, ते कळतं. 'तुमचा इतिहास, आमचा इतिहास' ही वाटणी माझ्यासारख्या मराठी मुसलमानाच्या वाट्याला हटकून येते. अशा वेळी आवाज चढवू नये. शांतपणे विचारावं: कागद कुठला, लिहिला कुणी?